ताट झाकणारी पोर

सोमेशच्या मेसमध्ये उशिरा आलेल्या पोराला जेवण मिळायचं, पण झाकलेलं ताट मिळायचं नाही. टेस्ट लांबली, सायकल पंक्चर झाली, सरांनी थांबवून घेतलं, काही असो. शिवगंगाबाई भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायची, भाजी डब्यात घालून डब्याला कडी लावायची, पण ताटावर ताट पालथं घालायची नाही. हाताखालच्या एखाद्या नव्या बाईनं सवयीनं घातलंच, तर काही न बोलता वरचं ताट उचलून घ्यायची.

"माशा बसतेत की वो," ती बाई म्हणायची.

"बसू दे. माशीनं कोण मरतंय?"

पोरांना वाटायचं, वय झालेल्या बाईची खोड. खोडच होती. पण ती लागली होती नवव्या वर्षी, अन् लावली होती एका पिक्चरनं.

शिवगंगेचा बाप मडिवाळप्पा निलंग्यात गुळाचा अन् शेंगदाण्याचा व्यापार करायचा. आणीबाणी उठली त्या सुमाराला मुंबईची एक पिक्चर कंपनी निलंग्याजवळच्या एका पडक्या गढीत येऊन उतरली. पिक्चरमध्ये एका लहान पोरीचं काम होतं, सगळा पिक्चर तिच्याभोवतीच होता, आणि मुंबईहून आणलेल्या पोरीला आल्याआल्या गोवर निघाला. कंपनीचे साहेब डोक्याला हात लावून बसले. शाळेतल्या गुरुजींनी गावातल्या पोरी रांगेत उभ्या केल्या. साहेबांच्या माणसानं एक कागद वाचून दाखवला अन् म्हणाला, जमेल तेवढं म्हणा. बाकीच्या पोरी झग्याची टोकं चावत उभ्या राहिल्या. शिवगंगेनं पोरीचं बोलणं म्हटलं, मग मामाचं म्हटलं, मामीचं म्हटलं, डॉक्टरचं म्हटलं, ज्याचं त्याच्या आवाजात, आणि वाचणारा माणूस मधी खोकला होता तो खोकलाही तिथल्या तिथं काढून दाखवला.

साहेब हसले नाहीत. नुसते उठून उभे राहिले.

पिक्चरचं नाव होतं 'झाकलं ताट'. गोष्ट अशी की, एका मोठ्या घरात एक पोरकी पोर असते. लई हुशार, पण फार बोलत नाही. पंगत बसली की कधीतरी ती उठते अन् एखाद्याच्या वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घालते. ज्याचं ताट झाकलं तो माणूस दोन-चार दिवसांत मरतो. घर हादरून जातं. पोर अपशकुनी, पोर चेटकीण. तिला कोंडून घालतात. शेवटच्या रिळात एक डॉक्टर तिच्याजवळ बसून विचारतो, बाळ, तू ताटं का झाकत होतीस? तेव्हा ती सांगते, मामी अन्नात काहीतरी कालवायची ते मी बघायची. त्या माणसानं खाऊ नये म्हणून त्याचं ताट झाकायची. मला कुणी विचारलंच नाही.

हे शेवटचं बोलणं शिवगंगेनं एका दमात दिलं होतं. एका डोळ्यातून पाणी काढलं होतं, एकाच. साहेब मडिवाळप्पाला म्हणाले, हिला माझ्यासंगं मुंबईला द्या. मडिवाळप्पा म्हणाला, "साहेब, लिंगायताची पोर हाय. गुळाची ढेप न्हाई, मुंबईला धाडायला."

पुण्या-मुंबईत तो पिक्चर आठवड्यात उतरला. गाणी नाहीत, हाणामारी नाही. लोकांना काय त्याचं. पण इकडं जत्रेच्या तंबूत तो कैक वर्षं फिरला, का तर स्वस्तात मिळायचा अन् "आपली निलंग्याची पोर हाय" म्हणून माणसं यायची. तंबूवाल्यांची मात्र एक रीत होती. शेवटची एस. टी. गाठायला माणसं शेवटच्या रिळाला उठायची, दाराशी रेटारेटी व्हायची, दुसऱ्या खेळाला उशीर व्हायचा. त्यात त्या रिळात नुसतंच बोलणं, म्हातारा डॉक्टर अन् पोर. एका तंबूवाल्यानं ते रीळ लावणंच सोडून दिलं. मग दुसऱ्यानं. पोरीला कोंडलं की पडदा पांढरा. माणसं उठून धोतर झटकायची अन् म्हणायची, "बरं केलं कोंडलं. लईच वाईट नजर होती."

उदगीरपासून औशापर्यंत साऱ्या मुलखानं तो पिक्चर शेवटाशिवाय बघितला.

मग काय व्हायचं ते झालं. लग्नाच्या पंगतीत शिवगंगा वाढायला आली की बायका ताटावर हात आडवा धरायच्या. गल्लीतला एक दम्याचा म्हातारा मेला, तर त्याच्या सुनेला आठवलं की आदल्या दिवशी ह्या पोरीनं त्याच्याकडं टक लावून बघितलं होतं. शिवगंगा आधी रडली, मग भांडली, मग ज्याला त्याला शेवटचं रीळ तोंडानं सांगत सुटली. लोक म्हणायचे, "आता लागली सारवायला." शेवटी ती गप्प झाली, अन् गप्प झाली तशी अजूनच पिक्चरमधल्या पोरीसारखी दिसायला लागली.

लग्न जमेना. अखेर तेरणेकाठच्या ढवळगावातला विरूपाक्ष मिळाला. त्याच्या आईनं, नीलाबाईनं, जन्मात पिक्चर बघितला नव्हता. पण लग्नाच्या दुसऱ्या साली ढवळगावच्या जत्रेत तंबू आला. नीलाबाई बघून आली, चुलीपुढं सुनेसमोर मांडी घालून बसली. शिवगंगेनं मान खाली घातली. आता काढणार घराबाहेर.

"तुला आधीच कळतंय व्हय गं समदं?" नीलाबाई म्हणाली. "अन् मला सांगितलं न्हाईस? म्हस कधी व्याईल सांग बरं."

शिवगंगा पहिल्यांदा न्हाई-न्हाई म्हणाली. पण नीलाबाई पाठ सोडेना. म्हैस बुधवारी व्याली. शिवगंगेनं कंटाळून बुधवारच म्हटलं होतं. मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. पाऊस पडंल का, पोरीला सासरी नांदवतील का, गेलेलं बकरू कुठं हाय. खोटं कशाला सांगा, शिवगंगेला ते बरंही वाटायला लागलं. ज्या घरात सुनेला दुसऱ्यांदा आमटी मागायची चोरी, त्या घरात सासू सुनेला विचारून पेरणी करत होती. तोवर जिथंतिथं तिला भ्याले होते. इथं मानत होते. ती चुलीपुढून, मागं न बघता, एक शब्द टाकायची. आवाज साहेबांनी शिकवलेला, खालच्या पट्टीतला. चुकला शब्द तर लोक विसरायचे. जमला तर गावभर करायचे.

ब्याण्णवच्या दसऱ्यानंतर जमीन गुरगुरायला लागली. उतरंडीची गाडगी वाजायची, दाराच्या कड्या आपल्या आप हालायच्या. दगडामातीच्या जाड भिंती अन् वर माळवद, सगळ्या गावाची घरं तशीच. माणसं अंथरुणं घेऊन बाहेर निजायला लागली. थंडी काढली, उन्हाळा काढला. पण पावसाळ्यात ओलं अंथरूण, विंचूकाटा, पोरांना खोकला. शिवगंगेची मंजुषा तेव्हा पावलं टाकायला लागली होती, तिची छाती घरघरायची. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी नीलाबाई अन् गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शिवगंगे, तू सांग. आत निजावं का भाईर?"

शिवगंगेच्या मांडीवर लेक खोकत होती. तिला काय कळत होतं? जगातल्या कुठल्याही बाईइतकंच.

"आत निजा," ती म्हणाली. "काय बी होत न्हाई."

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं दमून घरात निजली. पहाट व्हायच्या आत ढवळगाव खाली बसलं.

शिवगंगा वाचली ती बाहेर होती म्हणून. लिंगायतांत विटाळ पाळत नाहीत म्हणतात, पण नीलाबाई पाळायची. शिवगंगा त्या दिवशी अंगणात कडब्याच्या गंजीच्या आडोशाला निजली होती. मंजुषा आजीपाशी आत होती. विरूपाक्षाला दुपारी काढला, कमरेखाली चेचलेला, पण जिवंत. सासू अन् लेक दुसऱ्या दिवशी निघाल्या. त्यांच्यात मेलेल्याला बसवून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवायची रीत. पण खड्डे खणायला माणसं नव्हती आणि पावसाची रिपरिप थांबत नव्हती. मंजुषाला नीलाबाईच्या कुशीत दिलं अन् दोघींना बाकीच्या गावासंगट लाकडावर ठेवलं. रॉकेल ओतलं तेव्हा शिवगंगा मागं सरकली नाही. कुणीतरी ओढून बाजूला केली.

पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या टँकरपाशी एका बाईनं पहिल्यांदा बोलून दाखवलं. तिची तिन्ही पोरं गेली होती.

"सोता भाईर निजली, अन् आमाला आत निजीवलं."

शिवगंगा विटाळाची होती म्हणून बाहेर होती, हे त्या बाईलाही माहीत होतं. पण ते कारण फार लहान होतं. तीन पोरं मेल्यावर माणसाला मोठं कारण लागतं.

विरूपाक्ष एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. फक्त तिनं वाढलेलं ताट त्यानं परत कधी घेतलं नाही. खुरडत टोपल्यापाशी जायचा, आपली भाकरी आपण घ्यायचा, तोंड फिरवून खायचा. नव्या गावात शासनानं बांधलेल्या घरात दोघं कैक वर्षं तशी राहिली. मग तो काविळीनं गेला. शिवगंगेनं भूकंपाच्या दिवसापासून एक नेम धरला होता, तो आणखी घट्ट केला: पुढं काय होईल याबद्दल तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. पाऊस येईलसं वाटतंय, एवढंसुद्धा नाही.

विरूपाक्षाचा पुतण्या सोमेश तिला लातूरला घेऊन आला. लातूर तोवर पार बदललं होतं. जिथं आडतीची गोदामं तिथं क्लास, जिथं घर तिथं वर तीन मजले चढवून पोरांच्या खोल्या. चौकाचौकात फ्लेक्स, त्यावर पोरापोरींचे फोटो अन् खाली मार्क, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. नांदेड, परभणी, उमरी, देगलूर, कुठकुठली लेकरं पाठीला दप्तर लावून डॉक्टर व्हायला आली होती. सोमेशनंही वर खोल्या चढवल्या, खाली मेस काढली अन् शिवगंगेला चुलीशी बसवलं. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. ती नुसती मावशी होती. पोरं म्हणायची, मावशी, ठेचा. मावशी, आणखी अर्धी. तिनं वाढलेलं दीडशे लेकरं खात होती आणि टुणटुणीत होती. जिंदगीत तिला एवढं सुख ठाऊक नव्हतं.

मग कुणीतरी तो पिक्चर मोबाइलवर टाकला. मेसमधल्या एका पोराला त्यातला इवलासा तुकडा सापडला. पोरीचे डोळे, पंगत, ताटावर ताट. पोराला डावी भुवई ओळखीची वाटली, मधोमध तुटलेली.

"मावशी, ही तुम्ही? खरं सांगा!"

दोन दिवसांत सगळ्या ट्यूशन एरियात झालं. पोरं हसायची, "मावशी, माझं ताट नका झाकू हं, परवा टेस्ट हाय." हसता हसता एखादं पोर खरंच ताट ओढून घ्यायचं. ढवळगावचं कुणीतरी भेटलं कुणाला, म्हणालं, खरी हाय ती, भूकंपाचं आधी म्हायती होतं तिला. आणि रविवारी पोरांचे आईबाप यायचे ते जेवण कसं आहे हे विचारायच्या आधी मावशी कुठं आहेत विचारायला लागले. परभणीच्या एका बाईनं तर नारळ अन् खण तिच्या पुढ्यात ठेवला. "एवढं सांगा, माझ्या आलोकचं नीटमध्ये होईल का?"

शिवगंगा उठून आत गेली.

सोमेश मागोमाग. "काकू, काय बिघडतंय? होईल म्हण. सगळ्यांना म्हण. खोल्या भरलेल्या ऱ्हातेत."

"मी काय बी बोलत न्हाई, सोमेश."

"बोलू नगंस. हास तरी." आणि बाहेर जाऊन त्यानं सांगितलं, "बाई बोलत नसतात. पण हासल्या म्हणजे होतंय."

देविका त्या पोरांतली. उमरीची. वडील रेणुकादास शाळेत शिक्षक. चौथीत स्कॉलरशिप, सातवीत स्कॉलरशिप, पेपरात फोटो. उमरीत तिला 'हुशार पोर' म्हणूनच ओळखायचे, नाव कुणी घ्यायचं नाही. नीटची परीक्षा दोनदा देऊन झाली होती, दोनदा थोडक्यात हुकली होती. एका दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलायला बसली.

"मावशी, मी तुमचा पिक्चर बघितला. पूर्ण."

"पूर्ण कोण बघतंय?"

"मी बघितला ना. शेवटी तो डॉक्टर विचारतो तुम्हाला." देविकानं लसणाची पाकळी तशीच धरली. "तुम्ही तर वाचवून राहिल्या होत्या सगळ्यांना. कुणी विचारलंच नाही."

शिवगंगेचा हात पिठात थांबला. एवढ्या आयुष्यात हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं परातीत पाणी घातलं, जास्त घातलं, मग पीठ घातलं. त्या दिवशी भाकरी वातड झाल्या.

देविका रोज यायला लागली. शिवगंगेला दिसत होतं, पोर चार घास खाते अन् ताट सरकवते. एक दिवस ती म्हणाली, पान वाचते अन् अक्षरं खाली घसरतात. झोप येत नाही, आली की परीक्षेचीच.

"मला घरी जायचंय, मावशी. काय शिकायचं ते मागून बघू. आधी मला झोपायचंय."

"बापाला सांग की."

"सांगितलं. म्हणाले, हुशार लेकरं असं बोलत नसतात." तिनं लसणाची टरफलं गोळा केली. "रविवारी येऊन राहिले ते. तुम्हाला विचारायला. तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतील."

"मी बोलत न्हाई, बाई. मी बोलले की माणसं मरतेत." आणि मग, कुणालाच सांगितलं नव्हतं ते, शिवगंगेनं तिला सांगितलं. ढवळगाव, दारातल्या बायका, मंजुषाची छाती, आत निजा. देविकानं सगळं ऐकून घेतलं अन् हळूच म्हणाली,

"मग या वेळी बाहेर निजा म्हणा की, मावशी."

ते शिवगंगेच्या डोक्यातून निघेना. खोटं आहे, ठाऊक आहे. पण ज्या खोट्यानं अख्खं गाव आत निजवलं, त्यानंच एक लेकरू बाहेर काढता आलं तर? दुसरी संधी असली तर हीच होती.

रविवारी रेणुकादास आला. सालस माणूस, खांद्याला शबनम, हातात माहूरचा प्रसाद. खुर्ची दिली तरी काठावर बसला.

"मी शिक्षक आहे, बाई. हे असलं मला पटत नाही खरं तर. पण लेकराच्या बाबतीत अक्कल चालत नाही." त्यानं हात जोडले. "होईल ना हिचं यंदा?"

सोमेश दारात उभा राहून डोळ्यांनी खुणावत होता. देविका भिंतीला टेकून उभी होती. शिवगंगेनं हात पुसले, त्याच्या समोर बसली, अन् साहेबांनी शिकवलं होतं तसं केलं: माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळ्यांच्या मागं बघायचं, अन् पापणी पाडायची नाही. आवाज आपोआप खाली उतरला.

"हिला घरी न्या, गुरुजी. हितं हिचं काय बी होत न्हाई. ठिवाल तर लेकरू हातचं जाईल."

अंगणात बसलेल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. रेणुकादासचा चेहरा पांढरा पडला. देविकानं डोळे मिटून घेतले, अन् तिचे खांदे खाली आले, पाण्याचा हंडा उतरवल्यासारखे. शिवगंगेला वाटलं, जमलं.

रेणुकादासनं हातातला प्रसाद परत शबनममध्ये ठेवला. मग म्हणाला, "दोन वर्षं मी विचार करून राहिलो, एवढी हुशार पोर मागं पडते कशी." त्यानं वर बघितलं. "आज कळलं. हिच्या हातचं खाऊन राहिली ही."

"बाबा, तसं नाही. मीच त्यांना म्हटलं होतं की..."

"बघा! आता हिच्या तोंडूनही वदवून राहिली." तो उठला. आवाज कापत होता. रागानं कमी, भीतीनं जास्त. "आम्ही रेणुकेची लेकरं आहोत. असल्या नजरा पुष्कळ बघितल्या तिनं. देविका, बॅग भर."

त्याच दुपारी देविका गेली. उमरीला नव्हे; गावाबाहेर औसा रोडच्या पलीकडं एक निवासी क्लास होता तिथं. तिथं मोबाइल नाही, महिन्यातून एकदा भेट, अभ्यासिकेत डोक्यावर कॅमेरा. रिक्षात बसताना तिनं मागं वळून बघितलं. शिवगंगा दारात पीठ लागलेल्या हातानं उभी होती.

"काकू, होईल म्हणायला काय जात होतं तुझं?" सोमेश म्हणाला.

"होईल म्हणलं असतं तरी ठिवलंच असतं त्यानं."

"मग म्हणायचं की! दोघं बी खूश."

ती आत जाऊन चुलीपाशी बसली. काही केल्या उठवेना. तिला ती ढवळगावची संध्याकाळ दिसत होती, अन् एवढ्या वर्षांत कधी न दिसलेली एक गोष्ट दिसत होती: विचारायला आल्या तेव्हा बायकांच्या काखेत वाकळा होत्या. अंथरुणं आधीच उचलली होती. त्या आत जायला निघालेल्याच होत्या. जाता जाता विचारत होत्या. बाहेर निजा म्हणाली असती तर नीलाबाईनं काय केलं असतं? सुनेला नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या, अन् लेकरू घेऊन आतच निजली असती.

या विचारानं तिला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. जे पाप उराशी धरून ती जगली होती, तेही तिचं नव्हतं. मग तिचं असं उरलं काय? नुसतं वाचणं.

पुढच्या रविवारी सोमेशला वाटलं होतं माणसं तुटतील. उलट दुप्पट आली. "परवा एकाला नाही म्हणाल्या म्हणे तोंडावर. म्हणजे बाई खरं बोलते." सोमेशनं अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या.

निकाल लागले. नव्या फ्लेक्सवर नवे चेहरे चढले. त्या आठवड्यात रेणुकादास परत आला. शबनम तीच, माणूस निम्मा. खुर्चीवर बसलाच नाही. शिवगंगा नको-नको म्हणत असताना खाली वाकला.

"तुम्ही म्हणालात तेच झालं, बाई. आधीच्यापेक्षा मार्क कमी पडले. मी उलटून बोललो, माझं चुकलं. शब्द तेवढा मागं घ्या. आणखी एक साल ठेवतो तिला."

शिवगंगेनं त्याच्यामागं बघितलं. देविका रिक्षाला टेकून उभी होती. केस विरळ झाले होते, ओढणी खांद्यावरून लोंबत होती. शिवगंगा तिच्यापाशी गेली.

"देविका, ह्याला सांग. सगळं नाटक होतं म्हणून सांग. तू सांगितलंस अन् मी बोलले."

देविका जमिनीकडं बघत म्हणाली, "पण तसंच तर झालं ना, मावशी."

"अगं, तू तर पूर्ण बघितलास."

"काय?"

"पिक्चर. शेवटचं समदं."

"तो पिक्चर होता, मावशी." देविकानं मान वर केली. त्या डोळ्यांत शिवगंगेला नीलाबाई दिसली, परभणीची बाई दिसली, जन्मभर दाराशी आलेले सगळे दिसले. "होईल म्हणा ना. मला पण ऐकायचंय तुमच्या तोंडून. तुम्ही म्हणालात की होईल."

शिवगंगेनं पोरीची ओढणी नीट केली, एक पाऊल मागं सरली अन् तिच्या डोळ्यांच्या मागं बघितलं.

"होईल," ती म्हणाली.

इतकं खरं म्हणाली की रेणुकादास हमसून रडायला लागला. देविका वाकली, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. हात उन्हातही गार होते. उठली तेव्हा पोर हसत होती. बापाच्या आधी रिक्षात चढून बसली अन् रिक्षावाल्याला म्हणाली, औसा रोडला चला, लवकर.

"बग, किती सोपं हाय," सोमेश म्हणाला. अंगणातल्या खुर्चीवरून निलंग्याकडची एक बाई पोराचा हात धरून उठली अन् पुढं आली.